पाण्यात न सुटणारं तिकीट

फोन आला तेव्हा मी नवा रायपूरला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये होते. समता कॉलनीतल्या वर्माभाभींचं नाव मोबाइलवर दिसलं आणि मी लगेच उचलला. भाभी एरवी आधी ख्यालीखुशाली विचारतात, उन्हाचं बोलतात, मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी सरळ म्हणाल्या, "दीदी, इंदू आंटी नहीं रहीं." सकाळचा चहा घेऊन इंदूताई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. कामाला येणारी रमशीला मागे भांडी घासत होती. ती हात पुसत पुढे आली तर कपात अर्धा चहा तसाच, आणि ताई मान एका बाजूला टाकून... गेलेल्या. मी बस थांबवायला सांगितली, उतरले. बस निघून गेली आणि त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर काही क्षण मला कळेचना की शहर नेमकं कोणत्या बाजूला आहे.

त्याला आता सव्वा महिना झाला. इंदुमती वैरागडे हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. रेल्वेच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून लागल्या, तिथूनच निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आणि आयुष्यातले जवळजवळ सगळे रविवार त्यांनी टपालाची तिकिटं पाकिटावरून सोडवण्यात, वाळवण्यात आणि जपून ठेवण्यात घालवले. एवढं सांगितलं की त्यांची ओळख पूर्ण झाली असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

नवं राज्य झालं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या वाटणीत माझं नाव भोपाळहून रायपूरला आलं. मी सव्वीस वर्षांची होते. ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या, कापडात बांधलेल्या फायलींचे गठ्ठे जमिनीवर, आणि बसायला खुर्ची मिळाली तर टेबल नाही. सगळे एकमेकांना एकच विचारायचे, परत कधी जाणार? मी मात्र जाणार नव्हते. वडील गेले होते, आई बहिणीकडे होती, आणि नोकरी सोडण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती. समता कॉलनीत एका मराठी बाईंच्या घराची वरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेले. दार उघडणाऱ्या बाई उंच, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"एकटीच राहशील काय?"

"हो."

"काहून? घरचे कोनी नाही?"

मी आईचं सांगितलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "पानी सकाळी साहाले येते, भरून ठेवत जाय. आन् रविवारी खाली येत जा. मी घरीच असते."

पहिल्या रविवारी मी खाली गेले ती निव्वळ सभ्यता म्हणून. व्हरांड्यात तीन पसरट पितळी पराती मांडलेल्या होत्या, त्यात कोमट पाणी, आणि पाण्यावर तिकिटं तरंगत होती. पाकिटाचे कातरलेले तुकडे तिकिटांसकट पाण्यात सोडायचे आणि वाट पाहायची. वीसेक मिनिटांत मागचा गोंद विरघळतो, कागद खाली राहतो आणि तिकीट आपोआप सुटून वर येतं. मग ते चपट्या तोंडाच्या चिमट्यानं उचलायचं, टीपकागदावर उलटं ठेवायचं, वाळत आलं की जाडजूड पुस्तकात दाबून ठेवायचं. मी कौतुकानं एक तिकीट बोटानं उचलायला गेले तर ताईंनी हातावर फटका मारला. "बोट नाही लावायचं. बोटाले तेल असते, दहा वर्षांनी डाग दिसते." दहा वर्षांनी! त्या वेळी मला पुढच्या महिन्याचाही अंदाज नव्हता. पण त्या दिवसापासून मी दर रविवारी खाली जायला लागले. तिकिटांची मला फारशी आवड होती असं नाही. आठवड्यात तेवढी एकच जागा होती जिथे माझ्याशी कुणी मराठीत बोलत होतं, आणि माझी वाट पाहिली जात होती.

बरीचशी तिकिटं देशातलीच होती. रेल्वेतले जुने सहकारी, कॉलनीतल्या बायका, शाळांचे शिपाई त्यांना पाकिटं आणून द्यायचे. परदेशी तिकिटं यायची ती मात्र एकाच ठिकाणाहून, अमेरिकेहून. वर्षाला तीन-चार पाकिटं. पोस्टमन फाटकातूनच ओरडायचा, "दीदी, अमेरिका वाला आया है!" पाकिटावर टपोऱ्या अक्षरात समता कॉलनीचा पत्ता आणि कोपऱ्यात एकाऐवजी चार-पाच तिकिटं, वेगवेगळी, मुद्दाम निवडून नेटकी लावलेली. पक्षी, दीपस्तंभ, जुनी इंजिनं. ताई ते पाकीट उभं धरायच्या, टिचक्या मारून आतलं पत्र खालच्या टोकाला सरकवायच्या, तिकिटांचा कोपरा कातरायच्या, आणि उरलेलं पाकीट तसंच, न उघडता, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, नंतर वाचत असतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी विचारलंच.

"ताई, पत्र नाही वाचत?"

"नाही."

"कुणाचं आहे?"

"भावाचं," त्या म्हणाल्या, आणि कात्री पुसून डब्यात ठेवली. "पत्र त्याचं हाये. तिकीट माझं हाये."

गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, एकेका रविवारी थोडी थोडी. वसंत त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडील रेल्वेत, त्यांच्या ऑफिसातल्या टाकाऊ पाकिटांवरून दोघा भावंडांनी तिकिटं जमवायला सुरुवात केली. एकच वही, अर्धी याची, अर्धी तिची. ताईंनी नोकरी धरली ती त्याच्या शिक्षणासाठीच. तो इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, तिथेच लग्न केलं. इकडे आईला अर्धांगवायू झाला. तीन वर्षं आई अंथरुणावर होती आणि ताई ऑफिस सांभाळून तिचं सगळं करत होत्या. आई रोज विचारायची, बाळ्या आला काय? तो दर पत्रात येतो म्हणायचा. शेवटच्या दोन महिन्यांत ताईंनी दोन तारा केल्या. तो आला नाही. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी शेजारच्या घरी त्याचा फोन आला, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, की आता येऊ नको, आणि मला पत्रही लिहू नको. त्याचं लिहिणं काही थांबलं नाही. ताईंनी उघडणं थांबवलं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मग तिकिटं तरी का ठेवता?" त्यांनी परातीतलं एक तिकीट चिमट्यानं उचलून टीपकागदावर उलटं ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याले माहीत हाये मी तिकीट फेकू शकत नाही."

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी ती नवी तिकिटं आली. अमेरिकेच्या पाकिटावर याआधीही चिकटपट्टीसारखी, मागून न ओलवता चिकटवायची तिकिटं येत होती, पण ती पाण्यात जरा जास्त वेळ ठेवली की सुटायची. ही सुटेनात. ताईंनी अर्धा तास वाट पाहिली, मग तास, मग पाणी बदललं, जरा गरम घेतलं. कागदाचा लगदा झाला, पण तिकीट त्या लगद्याला घट्ट धरून. चिमट्यानं ओढलं तर वरचा चित्राचा पापुद्रा उचलला गेला, आणि मागचा डिंक रबरासारखा लांबत राहिला. एका निळ्या पक्ष्याचं डोकं गेलं. दुसरं तिकीट टीपकागदाला चिकटलं ते कायमचंच. मी ताईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. पण परातीतलं पाणी बागेत ओतून आल्या आणि परात भिंतीशी उपडी ठेवून दिली.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. मी ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर शोधून आणलं, की असल्या तिकिटाला पाणी चालत नाही, पेट्रोल लागतं. पहिल्यांदा माझ्या स्कूटीतलंच थोडं काढलं. घरभर वास, सगळ्या खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि तिकिटावर पिवळट तेलकट कडं. मग कळलं की सिगारेटच्या लायटरमध्ये भरतात ते स्वच्छ पेट्रोल हवं. ते आणायला मीच पानठेल्यावर गेले तेव्हा ठेलेवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ताईंना सांगितल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. ते मात्र लागू पडलं. तुकडा उलटा धरायचा, मागच्या कागदावर ड्रॉपरनं दोन थेंब, अर्ध्या मिनिटात कागद काचेसारखा पारदर्शक होतो, आणि तेवढ्याच अवधीत तिकीट हळूच सोलून काढायचं. मागे डिंक तसाच चिकट राहतो, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, मऊ ब्रशनं झटकायची. पहिलं अख्खं तिकीट हातात आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "पाह्य! तान्ह्या पोट्ट्याले पावडर लावते तशी लावून राहिली मी त्याले." आणि ब्रश खाली ठेवला. कुणाला कधी पावडर लावली होती, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वसंत सात वर्षांनी लहान होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मला शंकर नगरला सरकारी क्वार्टर मिळालं. आईला माझ्याकडे आणायचं होतं, वरच्या एका खोलीत ते जमलं नसतं. सामान हलवलं त्या दिवशी ताई फाटकापर्यंत आल्या. "लांब थोडीच हाये शंकर नगर," त्या म्हणाल्या. लांब नव्हतंच. पण आईचं आजारपण, ऑफिस नवा रायपूरला गेल्यावर रोजचं येणं-जाणं... दर रविवारचं महिन्यातून दोनदा झालं, मग एकदा, मग सणावारी. मी गेले की त्या कधी तक्रार करायच्या नाहीत. फक्त माझ्यासमोर वह्या काढायच्या आणि मधल्या काळात केलेलं काम दाखवायच्या, शाळेतली मुलगी गृहपाठ दाखवते तसं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. आता आई गेल्यावर, संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरताना लागतो.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. त्या आपणहून फोन करणाऱ्यांतल्या नव्हेत, म्हणून मी घाबरूनच गेले. टेबलावर वही उघडी होती. पेट्रोलनं सोडवलेल्या तिकिटांवर तपकिरी ठिपके उमटले होते. मागचा डिंक इतक्या वर्षांच्या उष्णतेनं पाझरून कागदातून वर आला होता. पक्षी, दीपस्तंभ, सगळ्यांवर देवीचे व्रण असल्यासारखे. ताईंनी नागपूरच्या एका जुन्या तिकीटसंग्राहकांना लिहिलं होतं, त्यांचं पोस्टकार्डही आलं होतं. ते त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. लिहिलं होतं, ही तिकिटं सोडवूच नका. शक्य तर पूर्ण पाकिटासकट ठेवा, शिक्क्यासह. मात्र आतलं पत्र काढून घ्या. पत्राची शाई पाकिटावर उतरते, पाकीट फुगतं आणि तिकिटाला मुरड पडते.

"म्हणजे उघडावं लागते," ताई म्हणाल्या.

"हो."

"वाचायचं नाही. फक्त काढायचं."

"बरं."

नुकतीच आलेली चार-पाच पाकिटं अजून कातरलेली नव्हती. ताईंनी सर्वांत ताजं पाकीट घेतलं, डाव्या कडेला वाफ दिली, पातळ सुरी सरकवली. हात इतका स्थिर की मला आश्चर्य वाटलं. आतून एकच कागद निघाला, तीन घड्यांचा. त्यांनी तो माझ्याकडे दिला, स्वतः पाहिला नाही. पण घडी सैल होती, ती माझ्या हातात उलगडली. कागद कोरा होता. दोन्ही बाजूंनी कोरा. ताईंनी माझा चेहरा पाहिला आणि कागद ओढून घेतला. मग दुसरं पाकीट उघडलं, यावेळी वाफ वगैरे न देता. त्यातही कोरा कागद. तिसऱ्यात कोरा.

"थट्टा करून राहिला काय हा?" त्यांचा आवाज चढला. "याले समजलं. मी वाचत नाही हे याले समजलं, म्हणून कोरे कागद पाठवून राहिला. तिकडे बसून हसत असन!"

मी म्हटलं, "ताई, जुनी पाहू या का?" त्या नको म्हणाल्या. मग स्वतःच पलंगाखाली वाकून पेटी ओढली.

कोपरे कातरलेली ती पाकिटं आम्ही खालून वर, म्हणजे जुन्यापासून उघडत गेलो. ताईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून वाचायचं माझ्याकडे आलं. सगळ्यांत पहिलं पत्र आई गेल्यानंतरच्या महिन्यातलं. ते इथे पूर्ण लिहिण्याचा मला अधिकार नाही, पण त्यातली तीन वाक्यं ताईंनी नंतर इतक्यांदा म्हटली की ती जणू त्यांचीच झाली होती. 'अक्का, मी येऊ शकलो असतो. सुट्टी मिळत होती. आईला तशी पडलेली पाहायची मला भीती वाटली.' मी वाचून थांबले. बाहेर कुणीतरी कुलर चालू केला. ताई खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या.

"खरं बोलला," त्या म्हणाल्या. "तवाच वाचलं असतं तर फाडून खाल्लं असतं मी त्याले."

त्या उन्हाळ्यात मी प्रत्येक रविवारी गेले. पत्रांत नंतर माफीबिफी काही नव्हती. बर्फ पडल्याचं होतं, मुलगी झाल्याचं, तिचं नाव रेवा ठेवल्याचं, झुणका करायला गेलो तर बेसनाच्या गुठळ्या झाल्या याचं. 'तू कसा करायचीस ते कळव' असं विचारलेलं, आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या पत्रात पुन्हा विचारलेलं. ताई ऐकता ऐकता मध्येच बोलायच्या, समोर माणूस असल्यासारख्या. "अरे, आधी बेसन भिजवून घे ना बापा!" हळूहळू पुढच्या वर्षांची पत्रं आखूड होत गेली. अक्षर तिरपं झालं. एकच बातमी एका पत्रात दोनदा. एका पत्रात अर्धं वाक्य, आणि मग नुसती 'अक्का, अक्का' अशी हाक. त्यानंतरचे सगळे कागद कोरे. मला तोवर अंदाज आला होता. ताईंनाही आला असावा, पण आम्ही दोघी बोललो नाही. त्यांनी पंचवीस वर्षांनंतर भावाला पत्र लिहिलं, टाइपरायटरवर नाही, हातानं. मलाही वाचायला दिलं नाही. खाली माझा फोन नंबर मात्र लिहिला.

उत्तर फोननंच आलं, रेवाचं. तुटक्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी. बाबांना विसरण्याचा आजार आहे, चार वर्षं झाली. लिहिता येत नाही. पण एक पत्ता मात्र हात बरोबर लिहितो. स्टॅम्प स्वतः निवडतात, स्वतः लावतात, मग कागद मागतात, घडी घालतात, पाकिटात ठेवतात. मी पोस्टात टाकते. तिनं विचारलं, "आत्याला ते मिळत होते का?"

पुढच्या रविवारी सकाळी मी माझा फोन ताईंच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. तिकडे रात्र होती. रेवानं बाबांना जवळ बसवलं असावं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वसंता," ताई म्हणाल्या. "मी इंदू. अक्का बोलून राहिली."

 मग एक म्हातारा, घोगरा आवाज आला. इतकी वर्षं तिकडे राहूनही तो आवाज नागपूरकडचाच होता.

"अक्का... आई जेवली काय?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, नखं पांढरी झालेली. या एका माणसानं आईची चौकशी करावी म्हणून त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली होती, आणि पुढची पंचवीस वर्षं त्याला त्याची शिक्षा दिली होती. मला वाटलं, आता सांगतील. सांगण्याचा त्यांना हक्क होता.

"हव," ताई म्हणाल्या. "जेवली. आत्ताच निजली."

"मी येतो म्हणून सांग तिले."

"सांगते."

फोन बंद झाला. मी पाणी आणून दिलं, ते घेतलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निरोप देला त्यानं. आता कोनाले सांगू मी?"

त्यानंतर दर रविवारी तो फोन होत राहिला, पुढे ताईंच्या स्वतःच्या मोबाइलवर. तो दर वेळी तेच विचारायचा आणि त्या दर वेळी उत्तर द्यायच्या. हळूहळू उत्तरं वाढली. आज भाकर आन् आंबाडीची भाजी खाल्ली. आज तिले जरा बरं वाटून राहिलं, पाठीले उशी लावून बसवली. आज तुह्या नावानं वरण केलं. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, तुम्हाला त्रास नाही होत?" त्या म्हणाल्या, "आई असताना मी कधी कोनाले सांगतलंच नाही, ती आज काय जेवली ते. विचारनारं कोन होतं?"

वसंतराव तीन वर्षांपूर्वी गेले. रेवानं आधी मला कळवलं, मी जाऊन सांगितलं. ताईंनी आंघोळ केली, एक दिवस जेवल्या नाहीत. महिन्याभरानं रेवानं एक पाकीट पाठवलं. बाबांच्या खणात उरलेली न वापरलेली तिकिटं, गुळगुळीत कागदावर चिकटलेली, आठ-दहा. मी म्हटलं, ही काढून वहीत लावू या का? "नाही," ताई म्हणाल्या. "न वापरलेलं तिकीट त्याच्या कागदावरून कधीच काढायचं नसते. जसं हाये तसंच ठेवायचं." त्यांनी ते पारदर्शक पाकिटात सरकवलं आणि वहीच्या शेवटच्या पानाला लावलं. खाली काही लिहिलं नाही. एरवी प्रत्येक पानाखाली त्या बारीक अक्षरात लिहीत असत.

त्यानंतर मी पुन्हा जायला लागले, पण पूर्वीसारखी नाही. मार्चच्या शेवटी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऊन वाढून राहिलं. वह्यांचं काम काढावं लागते." मी म्हटलं, ऑफिसात वर्षअखेरीची गडबड आहे, दोन आठवडे जाऊ द्या. "हव," त्या म्हणाल्या, "तुह्या सवडीनं ये." त्या गेल्या तेव्हा ते दोन आठवडे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

नागपूरहून आलेल्या एका चुलतभाच्यानं सगळं केलं आणि चौथ्या दिवशी ते परत गेले. घराचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. वह्यांचं मी रेवाला विचारलं, पाठवू का म्हणून. ती म्हणाली, इथे त्या उघडणारं कुणी नाही, तुम्ही ठेवा. तेव्हा सात वह्या आणि पाकिटांचे दोन खोके आता शंकर नगरला माझ्याकडे आहेत, भिंतीपासून जरा दूर, उभे ठेवलेले. आडवे ठेवले की वजनानं डिंक दबतो.

या तिकिटांना रायपूरचा मे महिना सोसत नाही. डिंक मऊ होतो, तिकीट समोरच्या पानाला धरतं. म्हणून दरवर्षी ऊन तापायला लागलं की सकाळच्या थंड वेळी वह्या उघडायच्या, पान न पान हवेशीर करायचं, आणि दोन पानांच्या मध्ये बटर पेपर घालायचा. हे काम दोघींचं आहे. एकीनं पान दोन्ही कडांना धरून अधांतरी उचलायचं, दुसरीनं खालून कागद सरकवायचा, सुरकुती पडू न देता. इतकी वर्षं पान मी धरायची आणि कागद ताई सरकवायच्या. परवाच्या रविवारी मी सकाळी साडेसहाला पहिली वही टेबलावर घेतली. पंखा बंद केला, कागद उडतो म्हणून. एका हातानं पान धरलं तर दुसऱ्या हातानं कागद सरळ जाईना. मग पान उलटून त्यावर स्टीलची वाटी ठेवून पाहिली. वाटी घसरली. शेवटी पान हनुवटीखाली धरलं, दोन्ही हातांनी कागद आत सारला. असं वाकून उभं राहिलं की ताईंचं पानाखालचं बारीक अक्षर डोळ्यांच्या अगदी जवळ येतं, इतकं जवळ की वाचता येत नाही. नऊ वाजेपर्यंत अकरा पानं झाली. मग ऊन आत आलं, मी पडदा ओढला आणि वही मिटून ठेवली.